लायसोसोमसाठी प्रोब निवडताना

बडोदे

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

लायसोसोममधलं (पेशीच्या आम्लधर्मी पचन-पिशवीतलं) गॅलॅक्टोज तोडणारं एंझाइम बीटा-गॅलॅक्टोसिडेज जिवंत पेशीत बघायला तू 4-मेथिलअंबेलिफेरोनचा गॅलॅक्टोसाइड (रंगद्रव्याला गॅलॅक्टोज साखर जोडलेला, तुटला की उजळणारा प्रोब) मागवते आहेस, असं बाबा म्हणाले. ऑर्डर देण्याआधी हे वाच. गॅलॅक्टोज ठीक आहे, पण हे रंगद्रव्य तुझ्या कामाचं नाही.

एंझाइमने साखर तोडली की रंगद्रव्याचा फिनॉल (वलयावरचा ओएच गट) मोकळा होतो. त्याने प्रोटॉन सोडला, तरच ते 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात 445 च्या आसपास नीट उजळतं. त्याचा पीकेए, म्हणजे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो पीएच, 7.8 आहे आणि लायसोसोमचा पीएच 4.5 ते 5. म्हणजे 4.5 ला दोन हजारांत एखादाच रेणू प्रोटॉन सोडलेला सापडेल. पेशी फोडून केलेल्या मोजणीत हे जाणवत नाही, कारण शेवटी पीएच 10 चा ग्लायसिन-कार्बोनेट बफर घालतात. त्याने अभिक्रियाही थांबते आणि उजेडही खुलतो. जिवंत पेशीत तो घालणार कसा? मोकळा झालेला रेणू लायसोसोममधून झिरपून पेशीद्रवात गेला, तर तिथे पीएच 7.2 ला पाचातला एक उजळेल. मग तुला दिसेल तो उजेड एंझाइम जिथे नाही तिथला असेल.

म्हणून आधी एंझाइमची जागा, मग तिथला पीएच आणि त्यानंतर रंगद्रव्य. याच रंगद्रव्याच्या 6,8-डायफ्लुओरो रूपाचा पीकेए 5 च्या खाली आहे, त्यामुळे पीएच 4.5 लाही सुमारे तिसरा हिस्सा उजळतो. पण त्यालाही 358 च्या आसपासचा अतिनील प्रकाश लागतो, आणि पेशीतलं एनएडीएच हे नैसर्गिक सहएंझाइम 340 ला उत्तेजित होऊन 460 ला उजळतं. पेशींच्या अर्कासाठी ते घे. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर डीडीएओसारखं तांबडं रंगद्रव्य बरं. ते 645 ला उत्तेजित होतं आणि 660 ला उजळतं, तिथे पेशीचा स्वतःचा उजेड फार कमी असतो.

पीकेए उतरवण्याची किंमत मोजावी लागते, हे लक्षात ठेव. जो फिनॉल प्रोटॉन सहज सोडतो तो साखरेपासूनही सहज सुटतो, मग एंझाइम असो वा नसो. त्यासाठी एंझाइमशिवाय, पीएच 4.5 आणि 7.4 या दोन्ही बफरांत, 37 अंशांवर दोन तासांचा आलेख पहिल्याच दिवशी काढ. रेघ चढत असेल तर तो प्रोब पेशींवर घालूच नकोस.

प्रोब स्वतः बनवणार असशील तर साखरेचा क्रियाशील कच्चा माल, अ‍ॅसिटोब्रोमोगॅलॅक्टोज ओलावा सोसत नाही. आपल्याकडे श्रावणात हवा किती दमट असते ते तुला माहीत आहे. उणे 20 अंशांवरून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस. जोडणी झाल्यावर अ‍ॅसिटेट गट अंगावर असतानाच इथिल अ‍ॅसिटेटचा थर थंड सोडियम बायकार्बोनेटने धू. इतका आम्लधर्मी फिनॉल त्यातच उतरून निघून जातो. मग मिथेनॉलमध्ये सोडियम मिथॉक्साइड अगदी थोडं, 0.1 सममूल्य, शून्य अंशांवर. जास्त घातलंस तर कुमारिनचं लॅक्टोन वलय उघडेल. एनएमआरमध्ये अ‍ॅनोमेरिक प्रोटॉनचा जोडणी-स्थिरांक जे 8 हर्ट्झच्या आसपास यायला हवा. 3.5 आला तर बीटाऐवजी अल्फा बनला.

शुद्धतेबाबत हट्टी राहा. समज, रंगद्रव्य प्रोबपेक्षा 100 पट उजळ आहे. मग 1 टक्का मोकळं रंगद्रव्य राहिलं तरी कोऱ्या नमुन्याचा उजेड दुप्पट होतो आणि त्याच्या तुलनेत तुझ्या उजेडाची पट निम्म्यावर येते. 99 टक्के शुद्ध हे इथे कमीच. एचपीएलसीने घटक वेगळे करून फ्लुओरेसन्स डिटेक्टरवर बघ, तो डाग यूव्हीवर लपून राहतो.

मोजणीला काळी 96 खाचांची प्लेट. डीएमएसओ या द्रावकातलं 10 मिलिमोलर द्रावण हजार पट पातळ केलंस की 10 मायक्रोमोलर प्रोब आणि 0.1 टक्का डीएमएसओ, पेशींना तेवढं चालतं. फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम घे. 10 टक्क्यांपर्यंत प्रोब तुटेल तेवढाच सरळ भाग मोज.

सगळ्यात अवघड प्रश्न कंट्रोलचा, म्हणजे तुलनेच्या नमुन्याचा. प्रोबची पातळी केएमच्या (एंझाइम निम्म्या कमाल वेगाने चालतं त्या पातळीच्या) बरीच खाली असली की वेग आत शिरलेल्या प्रोबवरही तितकाच अवलंबून असतो. दोन प्रकारच्या पेशींत एंझाइम सारखं असूनही एक जास्त उजळेल, ती फक्त प्रोब जास्त आत घेते म्हणून. त्यामुळे त्याच पेशी फोडून, अर्कातलं एंझाइम प्रति मिलिग्रॅम प्रथिनाला मोज आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. अल्फा-गॅलॅक्टोसाइडचा कंट्रोल सुचेल, पण लायसोसोममध्ये अल्फा-गॅलॅक्टोसिडेजही असतं, तो प्रोबही तुटेल. खरा कंट्रोल म्हणजे हे एंझाइम बनवणारं जीएलबी1 जनुक बंद केलेल्या पेशी, किंवा या एंझाइमच्या अभावाने होणाऱ्या जीएम1 गँग्लिओसिडोसिसच्या रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट पेशी. त्यांतही उजेड आला, तर तुझ्या प्रोबला दुसरंच कुठलं तरी एंझाइम तोडतंय.

बफरमधले दोन तासांचे दोन्ही आलेख मिळाले की मला पाठव. बाबा रविवारी येताहेत, त्यांच्याबरोबर लीलो चेवडो देते.

तुझी,
आई

ता. क. डीएमएसओ 18.5 अंशांना गोठतं. फ्रीजमधून काढलेली नळी पूर्ण वितळू दे आणि चांगली हलवून मगच पिपेट लाव, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या खाचेत वेगवेगळी पातळी जाईल.