रिपोर्ट दिला की केस संपत नाही गं

सई बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की फोरेन्सिक सायकियाट्री (कोर्टासाठी आरोपीचं मन तपासणारी आपली शाखा) बरी, रिपोर्ट लिहून कोर्टात दिला की केस संपली, पेशंट वर्षानुवर्षं मागे लागत नाही. तेव्हा ओपीडीत होते म्हणून बोलले नाही, पण दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. बंगळूरच्या निम्हान्सला त्यातलं डीएम, म्हणजे एमडीनंतरचं पुढचं शिक्षण, कर, जरूर कर, पण हे आधी ऐक.

कोर्ट आपल्याला दोन वेगळे प्रश्न विचारतं आणि नवीन डॉक्टर हमखास त्यांची गल्लत करतात. एक, हा माणूस आज खटल्याला उभा राहू शकतो का, म्हणजे आरोप काय आहे, वकील कशाला असतो, जज काय करतात हे त्याला कळतं का. दुसरा, गुन्हा घडला त्या वेळी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला आजारामुळे कळतच नव्हतं का. हे जुन्या आयपीसीचं कलम ८४, आता न्याय संहितेत २२. नुसत्या स्किझोफ्रेनियाच्या निदानाने इथे भागत नाही, त्या वेळचं मन शोधावं लागतं आणि तो तुझ्यासमोर येतो तेव्हा कधी कधी वर्ष उलटलेलं असतं, औषधंही चालू झालेली असतात. मग एफआयआर, पहिले मेडिकलचे कागद, आई काय सांगते, बायको काय सांगते, आधी कोणाला दाखवलं होतं (बऱ्याचदा देवऋषीला), असं एकेक जुळवत बसायचं. आणि सिस्टरच्या नोट्स रोजच्या रोज वाच. नाटक करणारा आपल्यासमोर दोन आणि दोन पाच सांगतो आणि संध्याकाळी कॅरमचे पॉइंट बरोबर मोजतो, खरा आजारी बऱ्याचदा उलट करतो, आवाज ऐकू येतात हेच लपवतो. बोलायला बसायच्या आधी त्याला सांगायचं की तू बोलशील ते कोर्टात जाऊ शकतं. हे कधीच चुकवू नकोस.

आता केस संपण्याचं. आसामचा मचांग लालुंग, १९५१ मध्ये पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा आहे असं कळवलं, तरी त्याला घरी न सोडता जेलमध्ये नेलं आणि तो सुटला २००५ मध्ये. ५४ वर्षं बाळा, खटला एकदाही चालला नाही! डॉक्टरांनी कागद लिहिला होता, पण त्याच्या मागे कोणी गेलंच नाही.

माझ्याकडेही एकजण होता, भावाला मारल्याचा आरोप. औषधांनी छान सुधारला, तो खटल्याला उभं राहायला फिट असल्याचं पत्र मी कोर्टाला पाठवलं आणि पुढच्या कामाला लागले. पाच महिन्यांनी राउंडला त्याने विचारलं, मॅडम माझी तारीख कधी? पत्र कुठल्यातरी फायलीत पडून होतं. परत पाठवलं तर न्यायला पोलीस पार्टी मिळेना, त्यात अजून दोन तारखा गेल्या. या सगळ्यात तो माझ्यावर एकदाही चिडला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून एक वेगळी डायरी ठेवलीय, प्रत्येकाचं नाव, पत्राची तारीख, जावक नंबर, आणि दर सोमवारी मी स्वतः फोन लावते, क्लार्क वैतागले तरी लावते. आत्ता त्यात अकरा नावं आहेत. दिवाळीला आलीस की दाखवते.

तुझी,
आई