नव्वदच्या दशकातील रॉक आणि बंद पडलेले रंगभवन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई आता परदेशी बँडच्या मोठमोठ्या कॉन्सर्टचे शहर झाले आहे, अशा आशयाचे लेख गेली दोन-तीन वर्षे आपल्या दैनिकासह सगळीकडे वाचायला मिळतात. जानेवारी २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा हा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरू लागला, जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि त्याच वर्षी ग्रीन डे व गन्स एन रोझेस हे बँड मुंबईत वाजवून गेले. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या लेखांतून असे चित्र उभे राहते की, येथील तरुणांना कॉन्सर्टला जाण्याची सवय आत्ता कुठे लागली आहे आणि त्याआधी या शहरात रॉक ऐकणारे असलेच, तर ते दक्षिण मुंबईतील मूठभर सुखवस्तू घरांतील होते. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ती रूढ झाल्यामुळे एका सार्वजनिक वास्तूचे नुकसान होत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धोबीतलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून, रंगभवन हे राज्य शासनाच्या मालकीचे खुले नाट्यगृह आहे. आजच्या बहुतेक वाचकांना हे नाव २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे आठवते, कारण हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी दहशतवादी हल्ल्यात रंगभवनाच्याच गल्लीत धारातीर्थी पडले. त्यापूर्वीची कित्येक वर्षे मात्र ‘रंगभवन’ म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर रंगमंच येत असे. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा तेथे भरली आणि सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांनी उघड्या आकाशाखाली ऐकला. आणि नव्वदच्या दशकात, दर वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे, ज्याला आम्ही सगळे ‘आय-रॉक’ म्हणत असू. फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव म्हणजे देशभरातील हौशी आणि होतकरू बँडची वार्षिक परीक्षाच होती.

त्या श्रोत्यांत कोण होते, हे मी स्वतः पाहिले आहे. मी डोंबिवलीहून जात असे. वसई, माहीम, कुर्ला, ठाणे, गिरगाव अशा सर्व भागांतून मुले येत आणि त्यांत मराठी माध्यमात शिकलेली, गाण्यातले निम्मे शब्द न कळणारी, पण गिटारचा प्रत्येक सूर तोंडपाठ असणारी मुले भरपूर असत. तिकीट महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे होते. सीएसटी आणि चर्चगेट ही दोन्ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या लोकलने घरी पोहोचता येत असे. ही सोय लहान वाटेल, पण मध्य रेल्वेवर राहणाऱ्या मुलाला घरातून परवानगी मिळणे किंवा न मिळणे तिच्यावर अवलंबून होते. आज कॉन्सर्टच्या अर्थकारणाविषयी इतके लिहिले जाते, त्यात शेवटच्या गाडीचा विचार कोणी करताना दिसत नाही.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांबरोबर हाँगकाँगहून एमटीव्ही आले, १९९४ मध्ये चॅनल व्ही आले आणि सिअ‍ॅटलमधील रॉक बँडसारखे फाटके शर्ट डोंबिवलीतील चाळीत दिसू लागले. त्यांपैकी ‘निर्वाणा’ या बँडचा गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला, तेव्हा माझ्या वर्गातील अनेकांनी तो दिवस घरातले माणूस गेल्यासारखा पाळला होता. तरीही संगीत हाती येण्याचा मुख्य मार्ग कॅसेट हाच होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एकाने पैसे साठवून कॅसेट घ्यायची आणि बाकीच्यांनी ती टी-सीरिजच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, हा सर्वमान्य रिवाज होता. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागले आणि शिलाँग, बंगळूर, दिल्ली, कोलकाता येथेही आपल्यासारखीच मुले आहेत, हे आम्हांला प्रथम कळले. अलाहाबादसारख्या शहरातून असे नियतकालिक निघावे, यातच त्या काळाची खरी नस आहे.

रंगभवनाच्या मंचावरचा एक तपशील मला विशेष सांगावासा वाटतो. एका संध्याकाळी अनेक बँड वाजवत, पण ड्रमसेट सर्वांना मिळून एकच असे. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (सेटमधला छोटा ड्रम) आणि आपल्या झांजा कापडी पिशवीतून घेऊन येई, आधीच्याचे सामान खाली उतरले की दोन-तीन मित्रांच्या मदतीने स्वतःचे चढवी, आणि तेवढ्या वेळात गिटारवादक गुडघ्यांवर बसून पायाशी ठेवलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलच्या वायरी जोडत असे. आयात शुल्क जबर असल्याने परदेशी गिटार फार थोड्यांकडे होती. बहुतेकांनी सुरुवात कोलकात्यात बनणाऱ्या गिवसन गिटारवर केलेली असे आणि तारा तुटल्या की कोपऱ्यावरच्या फुर्ताडोस या वाद्यांच्या दुकानात धाव घ्यावी लागे. त्यात ऑगस्टचा पाऊस. वर छप्पर नसल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवर प्लास्टिक टाकून वाजवणारे आणि डोक्यावर प्लास्टिक धरून ऐकणारे, दोघेही सारखेच भिजत असत. ‘हा मंच आपला आहे’ ही भावना त्या धडपडीतून येत होती, असे मला आजही वाटते.

त्या संस्कृतीत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. श्रोते निष्ठुर होते. स्वतः रचलेली गाणी सादर करणाऱ्या बँडला ‘मेटॅलिका, मेटॅलिका’ असा प्रसिद्ध अमेरिकी बँडच्या नावाचा ओरडा करून गप्प बसवले जाई, नापसंत कलाकारांवर वस्तू फेकल्या जात, आणि मुली अल्पसंख्य असल्यामुळे पुढच्या रांगांतील धक्काबुक्की त्यांना नकोशी होई. दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवणे हीच गुणवत्तेची कसोटी मानल्यामुळे चांगल्या रचनाकारांची कित्येक वर्षे वाया गेली. तरीसुद्धा याच रेट्यातून तावून-सुलाखून निघालेली मंडळी पुढे आली. १९८८ मध्ये संपूर्ण अल्बम स्वतःच्या गाण्यांचा काढण्याचे धाडस करणारा ‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार ऐकून मराठी घरांतील अनेक मुलांना हे आपल्यालाही जमेल असे वाटले, हे मी आजूबाजूला पाहिलेले आहे. ‘ब्रह्मा’, दिल्लीचा ‘परिक्रमा’ आणि १९९३ मध्ये स्थापन झालेला ‘पेंटाग्राम’ हेही याच पिढीचे. ‘पेंटाग्राम’चे गायक विशाल ददलानी पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गेले, आणि त्या काळच्या रॉक मंचावरील गिटारवादक व ध्वनिमुद्रण तंत्रज्ञही जाहिरातींच्या व चित्रपटांच्या स्टुडिओंत स्थिरावले. मराठीतून रॉक मात्र त्या मंचावर रुजला नाही. ही माझ्या मनातील जुनी खंत आहे.

याच दशकातील आणखी एक प्रसंग येथे आठवणे भाग आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला. त्यासाठी तत्कालीन शासनाने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायतीने त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि हा प्रश्न इतका लांबला की, करमाफीचा निर्णय मंत्रिमंडळाने पुन्हा घेतला तो जानेवारी २०२१ मध्ये. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. मोठ्या नावासाठी शासनयंत्रणा किती सोय करू शकते, एवढेच मला दाखवायचे आहे, कारण त्याच शासनाच्या मालकीच्या रंगभवनाच्या वाट्याला अशी तत्परता कधी आली नाही.

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शैक्षणिक संस्था व न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तेथील आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल एवढी निश्चित झाली. रंगभवनाशेजारी महाविद्यालय आणि कामा रुग्णालय असल्यामुळे नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तेथील कार्यक्रम थांबले. रुग्णांच्या विश्रांतीचा हक्क कोणत्याही संगीतापेक्षा मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्या वेळी आम्ही जो गोंगाट केला तो त्या खाटांवर पडलेल्या लोकांना किती त्रासदायक झाला असेल, याची जाणीव वयाबरोबर अधिक तीव्र झाली आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. ध्वनिक्षेपकावरील रात्रीचे निर्बंध याच नियमांत बंदिस्त सभागृहांना लागू केलेले नाहीत, कारण तेथील आवाज बाहेर जात नाही. म्हणजे रंगभवनाला छप्पर आणि ध्वनिरोधक भिंती मिळाल्या, तर कायदा आणि कला या दोहोंचा मान राखता येतो. हे दोन दशकांहून अधिक काळ घडलेले नाही.

जागा गेली, त्याचा परिणाम लगेच दिसला. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला, पुढे काही वर्षे खंडित झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावला पुन्हा भरला, तेव्हा जुनी मंडळी आवर्जून आली होती. परंतु मधल्या काळात लहान बँडला ऐकवण्यासाठी उरले ते उपाहारगृहांतील कोपरे आणि महाविद्यालयांचे महोत्सव. उपाहारगृहात मद्य आणि जेवणाचा खर्च आला, वयाची अट आली, म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दारातच अडली. मोठ्या कॉन्सर्टचे तिकीट तर हजारोंच्या घरात आहे. कॉन्सर्ट संस्कृती वाढली असे म्हणताना वाढले ते प्रेक्षकांचे आकडे आणि उलाढाल. आपल्याच वयाच्या, आपल्याच उपनगरातील मुलांना मंचावर पाहून ‘पुढच्या वर्षी आपण’ असे म्हणण्याची संधी मात्र घटली. नव्वदच्या दशकात ती संधी आम्हांला एका सरकारी नाट्यगृहाने दिली होती, हे विसरले जाऊ नये.

म्हणून माझी सांस्कृतिक कार्य विभागाला आपल्या स्तंभातून विनंती आहे की, रंगभवनाचे बंदिस्त व ध्वनिरोधक सभागृहात रूपांतर करण्याचा आराखडा कालमर्यादेसह जाहीर करावा, त्यात मराठी नाटक, लोककला, शास्त्रीय संगीत आणि तरुणांचे बँड या सर्वांना तारखा राखून ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांसाठी दर कमी ठेवावेत. काम सुरू होण्याआधी दुसरेही एक काम हाती घेता येईल. त्या काळातील ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि तिकिटे घरोघरी पडून आहेत. कॅसेटची फीत वर्षागणिक खराब होत आहे आणि ज्यांच्याकडे ती आहेत ते पन्नाशीच्या आसपास आले आहेत. मुंबई विद्यापीठाने किंवा शासनाच्या एखाद्या संग्रहालयाने आवाहन केले, तर हा संग्रह अजून उभा राहू शकतो. आपल्या दैनिकाने वाचकांकडून अशी सामग्री मागवण्यास सुरुवात केली, तर माझ्याकडच्या कॅसेट मी पहिल्याच दिवशी कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
डोंबिवली (पूर्व)