बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातलं पत्र

चि. मयुरी,

तू झोपलीस. हे पत्र कॅमेऱ्याच्या बॅगेत, ब्लोअरखाली ठेवतो आहे. संध्याकाळी माझा आवाज चढला आणि तू ताटावरून उठलीस. त्यानंतर मलाही घास गेला नाही. ताडोबाच्या जंगलातल्या पाच दिवसांच्या फोटोग्राफी वर्कशॉपचे पैसे तू स्वतःच्या कमाईतून भरलेस, मी अडवणारा कोण? जिप्सीतून खाली उतरायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. ते ओरडून निघालं.

आता तो विषय काढत नाही. कामाचं लिहितो.

मोहर्लीला, ताडोबाच्या गेटाशी, चारलाच उठवतील, गेट उघडायच्या आत गाडी रांगेत लागली पाहिजे. सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, मनगटावर घड्याळ बांध. पहिल्या तासात उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायला कचरू नकोस. फोटोत दाणे आले तर चालतात, हललेला फोटो कोणालाच सुधारता येत नाही. उभ्या जनावराला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, पळत्याला १/१६०० च्या वर जा. गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांग, नाहीतर थरथर लेन्सपर्यंत येते. आईने जुन्या जीन्सची पिशवी शिवली आहे, तिच्यात आपल्या वावरातली दोन किलो तूर भरली. ती जिप्सीच्या दांड्यावर ठेव, वर लेन्स टेकव. बसल्या जागेवरून सगळं मिळतं, उतरावं लागत नाही.

मे महिना आहे. नऊनंतर जमिनीतून झळा उठतात आणि लांबचं जनावर पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. लाखाची लेन्स असली तरी तिथे काही चालत नाही. तेव्हा जवळचं पाहा. पाणवठ्यावरचं चितळ, वाळल्या बांबूतला उजेड. बाकीच्यांकडे लांबचं जवळ आणणारी ६०० ची लेन्स असेल, तुझ्याकडे ७०-३०० आहे, म्हणून हिरमुसू नकोस. जनावर लहान दिसेल, पण त्याच्याभोवती जंगल दिसेल.

दुपारी सगळ्यांसमोर तुझे फोटो पडद्यावर लावतील आणि चुका काढतील. त्याची तयारी ठेव. मी नागपूरला दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो, तेव्हा शिकवणाऱ्यांनी माझा लग्नाचा फोटो हातात धरला आणि नवरीच्या डोक्यामागचा मांडवाचा खांब दाखवला. फार लागलं. आठ दिवस स्टुडिओ उघडला नाही. पण त्यानंतर बटण दाबायच्या आधी मी नेहमी मागे काय आहे ते पाहिलं. ३६ फोटोंचा रोल असायचा, बघूनच दाबावं लागे. तू दिवसाला हजार काढशील. रात्री दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नकोस. धुळीत लेन्स बदलू नकोस. पाणी पीत राहा, दुपट्टा ओला ठेव, कांदा...

पाहा, मी पुन्हा शाळा भरवली. माफ कर, माय.

तळ्याकाठी झाडाखाली तारूदेवाचं ठाणं आहे. त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं म्हणतात. वाघाशी झुंजताना गेला तो. माझ्या वतीने हात जोड, गाडीतूनच.

तुला कधी सांगितलं नाही. आत्याच्या वेळी पंचनाम्याचे फोटो मीच काढले. आजूबाजूच्या गावांत दुसरा कॅमेरा नव्हता. टोपली अर्धी भरली होती, मोहफुलं अजून ओली होती, एक चप्पल सरळ आणि एक उलटी. मी चार फोटो काढले. हात हलला नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस. आत्या गुरांसारखी रानात खाली वाकली होती, एवढीच तिची चूक. आणि तुम्ही लोक फोटोसाठी खाली वाकता.

तू काढलेला आजीचा फोटो, पऱ्हाटीत उभी असलेला, मी सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दाखवला होता. तुला बोललो नाही. तिच्या हातावरच्या बोंडाचं टोक टोचतंय असं वाटतं त्यात. मला वीस वर्षांत तसा जमला नाही.

डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी आहे. चंद्रपूरची एसटी सहाची आहे, पाचला उठवतो. पोचलीस की फोन कर.

लेन्सची कॅप मी काळ्या दोऱ्याने कॅमेऱ्याला बांधली आहे, दोन गाठी मारून. वाईट दिसते, पण सोडू नकोस. निसटली तरी खाली पडणार नाही.

तुझे बाबा