आमच्या मंडळातल्या एका बायसाठी मदत हवी आहे

नमस्कार, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या महिला मंडळाकडून हे आवाहन, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा.

आमच्यातली एक मुलगी, वय 31, फुगडीत कायम पुढे असायची, तिला गेल्या वर्षी स्ट्रोक आला, म्हणजे मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. सकाळी विळीवर नारळ खवताना उजवा हात गळून पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड. जवळच्या दवाखान्यात नेलं तर एवढ्या तरुण मुलीला काय होणार, टेन्शन असेल, झोपू द्या म्हणून घरी पाठवलं आणि संध्याकाळी 108 बोलावून बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ कधीच निघून गेली होती. म्हणून हात जोडून सांगतो, असलं काही अचानक दिसलं तर वय बघू नका, थेट 108 लावा.

आता ती काठीशिवाय चालते, म्हणून भेटेल तो म्हणतो "बरी झालीस गो!" पण मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय, बोलण्याचा कारभार बहुतेकांचा तिथूनच चालतो, त्यामुळे तिला सगळं कळतं पण शब्द सापडत नाही, स्वतःच्या मुलाला हाक मारताना भलतंच नाव येतं आणि मग ती रडते. थकवा तर इतका की आंघोळ करून आली की आडवं व्हावं लागतं. आळस नाही हो तो, स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना होतो.

यंदा चवथीला मात्र घुमट, आमचं मातीचं वाद्य, वाजायला लागलं, आरती सुरू झाली आणि ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणत गेली, एक शब्द चुकला नाही! आम्ही सगळ्या बघतच राहिलो. थेरपिस्ट म्हणाल्या असं होतं, बोलता न येणाऱ्याला गाता येतं, आणि त्याच वाटेने बोलणं शिकवायचा प्रयत्न करता येतो.

हॉस्पिटलच्या बिलाचा प्रश्न नाही, पुढच्या थेरपीचा आहे. इथून बांबोळीला बस बदलत जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस, पोचेपर्यंतच ती गळून जाते. नवरा रोजंदारीवर, तिचं शिवणकाम बंद. घरी येऊन फिजिओ आणि स्पीच थेरपी दोन्ही धरून आठवड्याला 3000 रुपये, सहा महिन्यांचे 78000. त्यातले 21000 मंडळाने घातलेत. शंभर रुपये दिलेत तरी चालतील, आमच्या खजिनदार ताईंकडे द्या, पावती मिळेल.

पैसे जमत नसतील तर संध्याकाळी तासभर तिच्याकडे बसायला या. ती शब्द शोधत असेल तर थांबा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आरत्या येत असतील तर फारच बरं.