माळ्यावरच्या गिटारविषयी

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

माळ्यावरची गिटार विकायचे मी ठरवले आहे, किंबहुना ते ठरूनही गेले आहे. येत्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास एक मुलगा ती न्यायला नाशिकला जेल रोडच्या घरी येईल. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, पंचवटीत राहतो, आणि बोलण्यावरून घरंदाज वाटला. सौदा ३,५०० रुपयांना झाला आहे. हे फोनवर सांगितले असते तर बाबांनी नुसते ‘बरं’ म्हणून फोन आईच्या हाती दिला असता आणि मग दोन दिवस कोणाशीच धड बोलले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, ती गिटार प्रेसमधल्या ओव्हरटाइमच्या पैशांची आहे, हे मी कधीही विसरणार नाही. दादाची फी, आजीचे डोळे आणि घराचा हप्ता या सगळ्यातून तुम्ही त्या वर्षी ती कशी आणलीत, ते आईने मला बऱ्याच वर्षांनी सांगितले. पण ती आता नुसती पडून आहे, आणि पडून राहण्याने सुखरूप राहते असेही नाही. गिटार वाजवा अथवा वाजवू नका, सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोंच्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी, आणि नेक, म्हणजे लांब दांडी, ओढत असतात. त्यात आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि पावसाळ्याची ओल, म्हणजे लाकूड दर वर्षी आकसणार आणि फुगणार. गणपतीत मी ती काढून पाहिली तेव्हा ब्रिजच्या मागची फळी किंचित वर आलेली होती आणि नेकवरच्या बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीपाशी, तारा इतक्या उंच गेल्या होत्या की दाबताना बोटे कळवळली. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचांना नख अडकते. त्या माझ्याच हातच्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार नाही, परंतु अजून काही वर्षांनी ती कोणी फुकटही नेणार नाही.

मनूसाठी ठेवू, असे आई म्हणेल. आई, मनू सात वर्षांची आहे. त्या गिटारचे पोट तिच्या काखेखाली मावत नाही, आणि पोलादी तारांवर तिची बोटे चार दिवसही टिकणार नाहीत. तिच्यासाठी आम्ही नायलॉनच्या तारांची लहान गिटार आणली आहे आणि ती तिच्यावर रोज भरपूर गोंगाट करते. म्हणजे घरातले वाजवणे बंद पडलेले नाही, एवढे लक्षात ठेव.

आता खरे कारण. ती गिटार पुसायला, तारा सैल करायला आणि पावसाळ्यात पिशवीत कापूर ठेवायला बाबा अजूनही स्टुलावर चढतात. मागच्या वेळी उतरताना तुमचा तोल गेला, ते मला तुमच्याकडून नव्हे तर शेजारच्या काकूंकडून कळले. रक्तदाबाच्या गोळीनंतर तुम्हाला चक्कर येते हे ठाऊक असताना माळ्यावर असे काही ठेवणे, की जे तुम्हाला वर बोलावत राहील, मला जमणार नाही. गिटारच्या पैशांत थोडी भर घालून न्हाणीघरात भिंतीला दोन स्टीलचे दांडे बसवायचे आहेत आणि पायाखाली न घसरणारी चटई टाकायची आहे. तुमचा ओव्हरटाइम तुमच्याच कामी येतो आहे, असे समजा. प्लंबरशी दादा बोलला आहे. टाइल फुटेल म्हणून त्याला परत पाठवू नका.

भारनियमनाच्या दिवसांत गच्चीवर बाबा टॉर्च धरून बसायचे आणि मी पुस्तकातले कॉर्ड शोधायचे. बोटे सोलली की आई पोळ्या लाटता लाटता त्यांना तूप लावायची आणि ‘एवढं काय अडलंय’ म्हणायची. बाबा, तुमची फर्माईश मला शेवटपर्यंत धड वाजवता आली नाही, तरी तुम्ही दर वेळी मान डोलवायचात. दिवाळीला येईन तेव्हा मनूची गिटार घेऊन येईन आणि पुन्हा प्रयत्न करीन.

रविवारचे मात्र नीट ऐका. स्टूल बाहेर काढायचेच नाही. शनिवारी दादा येऊन गिटार खाली उतरवून ठेवील. एका तारेची खुंटी घसरते, हे मी त्या मुलाला आधीच सांगितले आहे, तेव्हा भिडेखातर किंमत कमी करू नका. त्याने रोख द्यावेत किंवा माझ्या खात्यात पाठवावेत. मी फोन करून पैसे आल्याचे कळवीपर्यंत गिटार देऊ नका. तो भला असेल, पण जुन्या वस्तूंच्या विक्रीत फसवणूक सर्रास होते. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कोणी तसे सांगितले तर फोन ठेवून द्या. चहा जरूर द्या, चिवडाही द्या, पण दोन तास बसवून घेऊ नका. आणि बाबा, त्या दिवशी दुपारची झोप मोडली तरी संध्याकाळची गोळी चुकवू नका.

गिटारला लावलेला, आईच्या जांभळ्या साडीच्या काठाचा पट्टा तेवढा काढून ठेवा. तो मी कोणालाही देणार नाही.

तुमची,
सोनू

ता. क. नेक सरळ करायची अ‍ॅलन की बाबांच्या हत्यारांच्या डब्यात, पान्यांच्या खाली आहे. ती त्या मुलाला द्या आणि तारांचा नवा संच टाकायलाही सांगा, चारपाचशेत मिळतो. बाबा, फक्त कीच द्या, अख्खा डबा नव्हे.