मनीषास, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

अमळनेर,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

चि. सौ. मनीषास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल दिवसभर फोन हातात होता, पण लावला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, तुझा रडवेला होतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

परवा मी म्हणाले, "पैसे मोजून म्हैस आणतात, लेकरू नाही." असं बोलायला नको होतं. तू म्हणालीस, "तुला दोन झाली, तुला काय कळणार." बरोबर आहे तुझं. तीन वेळा आयव्हीएफ झालं, पोट सुयांनी हिरवंनिळं झालं, आणि दर वेळी तो रिपोर्ट. मी तुझ्या उशाशी बसले होते, पण तुझ्या जागी नव्हते.

तेवढं सांग, पैसे घेऊन बाळ देते म्हणणाऱ्या त्या बाईचा पुन्हा फोन आला का?

काल झोका बांधला होता. लिंबाला, नेहमीच्याच फांदीला. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या आणि समोरच्या आजी दोनदा विचारून गेल्या, "आंडेर उनी नही का औंदा?" मी सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलं. तू का आली नाहीस ते मला ठाऊक आहे. झोक्यावर बसलं की बाया हाच प्रश्न विचारतात. रस केला, सांजोऱ्या केल्या. तुझ्या वाटणीच्या डब्यात ठेवल्यात, तात्यांचा नातू नाशिकला येणार आहे त्याच्याकडे देते.

तात्यांचं तुला अर्धंच माहीत आहे. ते आत्याबाईंच्या पोटचे नव्हते हे सगळ्या घराला माहीत होतं, फक्त त्यांना नव्हतं. 1968 साली चार वर्षांच्या पोराला मांडीवर बसवलं, गूळ-खोबरं वाटलं, झालं. कागद नाही, सही नाही. माणसं चांगली होती, माया खरी होती. पण आत्याबाई गेल्या आणि वर्षाच्या आत चुलतभाऊ बांधावर उभा राहून म्हणाला, "तू कोण रे? तुझा काय हिस्सा?" तात्या तेव्हा सत्तावीस वर्षांचे. त्यांना ते असं कळलं, बांधावर, मजुरांसमोर. पुढे अकरा वर्षं तारखा. निकाल त्यांच्याच बाजूने लागला. पण विहिरीजवळच्या आंब्याचे आंबे त्यांनी पुन्हा कधी घरी आणले नाहीत. मुलं आणायची, ते खात नसत. तेव्हापासून मी हे बघत आले.

म्हणून मला त्या बाईची भीती वाटते. आठ दिवसांत बाळ देते म्हणाली ना? दाखल्यावर थेट तुमचीच नावं लावून? मग ज्या बाईने त्याला जन्म दिला तिला काय सांगितलं असेल? तिचं बाळ दगावलं असं तर सांगितलं नसेल? मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, दवाखान्यातलं कुणी सामील असलं तर सातपर्यंत. पण शिक्षेचं जाऊ दे. उद्या दारात पोलीस आले आणि चार वर्षांचं पोर तुझ्या कडेवरून घेऊन गेले, तर तू उभी राहशील का? मी राहणार नाही.

बघ, शिकवायला लागलेच. चौतीस वर्षांची सवय आहे. हेमंतरावांना वाचून दाखवू नकोस एवढा भाग.

तू मागे पाठवलेले दत्तकाचे कागद मी चष्मा लावून दोनदा वाचले, आमच्या जुन्या मुख्याध्यापिका बाईंकडेही जाऊन आले. त्यांच्या मुलाने आणि सुनेने मुलगी दत्तक घेतली आहे. मला सगळ्यात भावलं ते हे: आईने बाळ बालकल्याण समितीपुढे सोपवलं, सही केली, तरी तिला फेरविचाराला दोन महिने देतात. त्या दोन महिन्यांत ते कुणालाच देत नाहीत. मगच समिती त्याला दत्तकासाठी मोकळं करते. म्हणजे तुझ्या मांडीवर येणारं लेकरू कुणाच्या मांडीवरून ओढलेलं नसेल. नंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होतो (2022 पर्यंत यासाठी कोर्टात जावं लागायचं), जन्मदाखल्यावर रीतसर तुमची नावं लागतात आणि पोटच्या लेकराचे सगळे हक्क त्याला मिळतात. बांधावर उभं राहून कुणी विचारायला नको, तू कोण.

वेळ लागतो, हे मान्य. बाईंच्या मुला-सुनेने तीन वर्षं वाट पाहिली. नाव नोंदवणारी घरं कितीतरी जास्त आणि कायद्याने मोकळी झालेली लहान बाळं थोडी. रांग संगणकावर लागते, तिथे कुणाची ओळख चालत नाही. तुम्ही मात्र "पावसाळ्यानंतर बघू" म्हणत बसू नका. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर नवराबायकोचं वय मिळून 85 च्या वर चालत नाही. तुमचं 79 आहे. तुम्ही दोघं आहात, वर्षाला दोनने वाढतं.

दादा परदेशातून म्हणतो, इकडे या, इकडून घ्या. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसते. पण तिकडून घ्यायचं म्हणजे दोन देशांचे कायदे, तिकडच्या संस्थेची मंजुरी, इथली ना-हरकत, मग पासपोर्ट. आणि ते लेकरू? संस्थेतल्या मावशीच्या तोंडून मराठी ऐकत झोपलेलं असेल, ते विमानातून उतरल्यावर एकदम सगळंच परकं. इथे निदान "ये रे बाळा" तरी ओळखीचं असेल. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेची ताई घरी येऊन बघते. काही अडलं तर नाशिकहून तिच्याकडे जाऊन येता येईल. आणि मोठं झाल्यावर आपण कुठून आलो हे त्याला विचारावंसं वाटलं, तर ते गावही रेल्वेच्या वाटेवरचं असेल.

विचारेल ते. विचारू दे. बाईंची नात काल आपल्या अंगणात होती, सात वर्षांची. झोक्यावरून उतरून माझ्या मांडीला टेकली आणि सांजोरी खाता खाता म्हणाली, "मी गाडीत बसून आले होते. आजीने भाकर ओवाळून टाकली आणि ती रडली." मी विचारलं, "तू रडलीस का?" म्हणाली, "मी झोपले होते." सांजोरीचा रवा फ्रॉकवरून झटकला आणि पुन्हा पळाली झोक्याकडे. तात्या तिथेच खाटेवर बसले होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि तिला झोका देऊ लागले. साठी उलटलेला माणूस, मनीषा, दमेपर्यंत झोका देत होता.

तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं.

मी तरी कुठे पहिल्यापासून शहाणी होते? मागच्या दिवाळीत तू विषय काढलास तेव्हा "कुणाचं रक्त असेल" हे माझ्याच तोंडून निघालं होतं. तू ताटावरून उठलीस. ते मी विसरले नाही. तुझ्या सासूबाईंनी असं काही म्हटलं तर त्यांच्यावरही रागावू नकोस, वेळ दे. मला सहा महिने लागले.

तुम्ही नोंदणी केली की संस्थेची ताई घर बघायला येईल. बाई म्हणाल्या, घरातल्या इतरांशीही बोलतात. मला बोलावशील ना? काय विचारतात? मी काय सांगू? माझी मुलगी बँकेत मॅनेजर आहे, हे त्यांच्या कागदात असेलच. सहावीत असताना पुरात बोरीच्या पुलावर अडकलेल्या धाकट्या मैत्रिणीचा हात तिने दोन तास सोडला नव्हता, हे मी सांगेन. नंतर तिला आठ दिवस ताप होता, हेही.

आप्पांनी माळ्यावरून पाळणा काढला. मी म्हटलं, अहो, तीन वर्षं लागतील. म्हणाले, तोवर वाळवी लागेल. कड्यांना तेल लावून अंगणात उन्हाला ठेवलाय. तुझे दात उमटलेत त्याच्या कठड्यावर, ते मात्र घासू दिले नाहीत मी.

हेमंतरावांचं मेडिकल राहिलं असेल तर याच आठवड्यात उरका. आणि त्या बाईबद्दल मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 वर, कळवावं असं मला वाटतं. तुझ्यासारखंच कुणी थकलेलं तिच्या पुढच्या फोनला हो म्हणेल. तुला नको वाटत असेल तर आप्पा करतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आधी नंबर आम्हाला पाठव, मग तुझ्या फोनमधून काढून टाक. काढलास की नुसतं "हो" एवढं लिही. रात्री कितीही वाजले तरी लिही, मी जागीच असते.

तुझी,
आई