बीव्हरचा बांध आणि बाबांचा गाळ

तीर्थस्वरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, "तो घुशीसारखा प्राणी झाडं पाडतो आणि तुम्ही लोक त्याला जपता?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आई, कंटाळलीस तर मधलं सोड, पण शेवग्याचं तेवढं वाच.

आम्ही गेलो होतो ते नॅपडेलचं जंगल ग्लासगोच्या पश्चिमेला आहे. स्कॉटलंडमधले बीव्हर, म्हणजे तुमचा तो घुशीसारखा प्राणी, माणसांनी कातडीसाठी मारून कित्येक शतकांपूर्वीच संपवले होते. 2009 साली नॉर्वेहून काही कुटुंबं आणून इथे सोडली, 2016 मध्ये सरकारने त्यांना राहू द्यायचं ठरवलं आणि 2019 पासून त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं.

कुरतडलेल्या एका बर्चपाशी मी चक्क बसकण मारली. खोडावर दातांच्या खाचा एकीला लागून एक, नखाएवढ्या रुंद, आणि खाली ओलसर ढलप्यांचा सडा. या दातांच्या कवचात लोह असतं, म्हणून ते नारिंगी दिसतात. झिजतात तसे वाढतही राहतात. मासे तो खात नाही हो, बाबा. साल, पाला, पाणवनस्पती, एवढंच.

शेजारी विलोचा जुना खुंट होता (बॅट करतात त्याच्याच भाऊबंदांपैकी). त्याच्या बुडातून सरळसोट फोक उठले होते. आई, तू शेवगा कमरेपर्यंत छाटतेस आणि शेजारच्या काकू हळहळतात, तसंच हे. विलो, हेझल, अ‍ॅस्पेन तोडले की खालून फुटतात. वरचं छत उघडलं की जमिनीला ऊन लागतं आणि इतकी वर्षं दबून राहिलेली रोपटी डोकं वर काढतात. इथे हरणं मात्र फार. कोवळे कोंब त्यांनी खाल्ले तर सगळं मुसळ केरात.

आता तुमचा विषय. बीव्हर ओढ्यावर घालतो तो बांध म्हणजे फांद्या, चिखल आणि दगड. सांडवा बिंडवा काही नाही, अंगभर झिरपतो. तुम्ही असलं काम पास केलं नसतंत. पण त्या झिरपण्यामुळेच पावसाचा लोंढा थबकतो आणि खाली सावकाश पोचतो. मागे पाणी पसरतं, काही झाडं उभ्या उभ्या वाळतात, त्यांत भुंगेरे, बुरशी, सुतार पक्षी मुक्काम ठोकतात.

आणि गाळ! सिंचन खात्यात तुमची सगळी नोकरी त्याच्याशी भांडण्यात गेली. उजनी धरणाचा यशवंत सागर बघायला नेलंत तरी तुम्ही गाळाबद्दलच बोलायचात. बीव्हरला त्याची फिकीर नाही. जवळपासची खायची झाडं संपली की कुटुंब मुक्काम हलवतं. डागडुजी थांबते, बांध खचतो, पाणी उतरतं आणि तळाशी साचलेला कसदार गाळ उघडा पडतो. त्यावर आधी गवत, मग झुडपं, मग पुन्हा झाडं. धरणाचं आयुष्य संपतं तिथून त्या जागेचं पुढचं जंगल सुरू होतं. तुमच्या हिशोबातला तोटा इथे जमेच्या बाजूला लिहावा लागतो.

हे सगळीकडे लागू नाही, हेही सांगते. 1946 मध्ये अर्जेंटिनाने कातड्याच्या धंद्यासाठी कॅनडातून 20 बीव्हर आणून दक्षिण टोकाच्या टिएरा देल फुएगोमध्ये सोडले. तिथल्या लेंगा नावाच्या झाडांना तोडल्यावर अशी फूट येत नाही, मुळाशी पाणी साचलेलं सोसत नाही, आणि बीव्हरला खाणारं जनावरही नाही. जंगलंच्या जंगलं वाळून गेली. प्राणी एकाच कुळातले, झाडं वेगळी.

इथेही टे नदीच्या खोऱ्यातले शेतकरी वैतागलेत. चर तुंबतात, शेतात पाणी शिरतं. परवाना काढून बीव्हर मारायची मुभाही आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. भिजलेल्या पिकाचं दुःख शेतकऱ्यालाच. त्यावर एक तोड मात्र तुम्हाला आवडेल. बांधातून पाइप टाकून पाण्याची पातळी खाली ठेवतात. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की बीव्हर गळती बुजवायला धावतो, म्हणून पाइपचं वरचं तोंड बांधापासून लांब, पाण्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात.

आता मला सांगा, पालापाचोळ्याने ती जाळी तुंबणार, तर तुम्ही तिथे काय कराल? कागदावर आकृती काढा आणि आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. तिचा फोटो तुमच्यासारखा हलत नाही.

तुमची,
छकुली